मगदूम अण्णा चरवी उलटी करून बघतात

मगदूम अण्णांनी आमच्या घरात पहिलं पाऊल टाकलं ते हातात हातोडी घेऊन. वास्तुशांतीचा दिवस होता. भटजी होमाची मांडामांड करत होते, बायको पाहुण्यांना कुंकू लावत होती, आणि हा पांढऱ्या शर्टातला, काडीसारखा, सत्तरीकडं झुकलेला माणूस हॉलमध्ये उकिडवा बसून फरश्या ठोकत होता. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. बद्द. 'बद्द' आलं की खिशातला लाल खडू काढून त्या फरशीवर एक फुली.

"पावणं," मान वर न करता ते मला म्हणाले, "बिल्डरनं तुमास्नी फसवलंय. सतरा फरश्या पोकळ हायत. वरनं लईच झ्याक दिसाय लागल्या, तवाच मला संशय आला."

त्याला आता चार वर्षं झाली. फुल्या पुसल्या, पण त्या सतरा फरश्या मला तोंडपाठ आहेत आणि अजूनही हॉलमधून जाताना मी त्या चुकवून जातो. बायको विचारते, असे पाय वाकडे काय टाकता? काय सांगणार, कपाळ! स्वतःच्या घरात मला लंगडी घालायला लावली या माणसानं.

आमची इमारत कसबा बावड्यात आहे. जिथं आधी ऊस होता तिथं आता तीस फ्लॅट आणि रंगीत पेव्हर ब्लॉक आहेत. अण्णा आमच्या बऱ्याच आधीपासून दुसऱ्या मजल्यावर राहतात, आता एकटेच; मी तिसऱ्यावर. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. भट्टीतून ओतून आलेला लोखंडी भाग हातोडीनं ठोकायचा आणि कान लावायचा. आवाज खणखणीत आला तर माल चांगला, बद्द आला तर आत चीर. "चांगला माल गप पडून असतोय," अण्णा सांगतात, "खोटा मालच लई चकाकतोय." हा नियम लोखंडापुरता होता तोवर बरं होतं. अण्णा निवृत्त झाले तेव्हा लोखंड शिरोलीत राहिलं आणि नियम घरी आला.

मग नारळ, कलिंगड, माठ, गॅसची टाकी, काही म्हणजे काही सुटलं नाही. पाणी गाळून पिणं हे त्यांच्या जैन घरातलं वळण. पण हा माणूस समोरच्याचं बोलणंसुद्धा गाळून घेतो. त्यांच्या निरोप समारंभात मालक म्हणे दहा मिनिटं त्यांच्याबद्दल चांगलं बोलले, तेव्हा शेजारच्याच्या कानाला लागून हे म्हणाले, "एवढं गोड बोलालेत, कायतर घोळ हाय." एकदा खोकला झाला म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाठीवर बोटांनी ठोकून बघितलं. अण्णा झटकन मागं वळले. "कसा आला आवाज? खरं सांगायचं."

मी गेल्या वर्षी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. पहिले दोन महिने झोपलो. तिसऱ्या महिन्यात मी स्वयंपाकघरात डबे नीट लावायला घेतले, तेव्हा बायकोनं हात जोडले. इमारतीत एवढा रिकामा माणूस दुसरा नाही म्हणून सोसायटीनं मला सेक्रेटरी करून टाकलं. तरी दुपार सरता सरत नव्हती. जिन्यात अण्णा भेटले. माझं तोंड बघून म्हणाले, "रिकामं बसू नका, सेक्रेटरी. लोखंडसुदा पडून ऱ्हायलं की गंज धरतंय. कशाचा तरी संशय घ्या. तब्येत ठणठणीत ऱ्हाती."

ही काय थट्टा नव्हती. निवृत्त माणसानं दिवस कसा घालवावा याची अण्णांकडं एकच युक्ती आहे. ज्याचा संशय येईल तिथं चौकशीला जायचं आणि चौकशी कधी संपवायची नाही. बागेत सकाळी हास्य क्लब भरतो. अण्णा म्हणाले, "सकाळी सात वाजता, कारण न्हाय, काय न्हाय, माणसं हसत्यात? कायतर विकणार बगा ही मंडळी." म्हणून छडा लावायला गेले. त्याला पाच वर्षं झाली. आता सगळ्यांच्या आधी हेच हजर असतात, हात वर करून 'हा हा हा' करतात, फक्त एक डोळा उघडा ठेवून.

पेटीच्या क्लासला गेले तेही असंच. "पेटीला इतक्या पट्ट्या हायत आणि मास्तर म्हणतोय स्वर सातच. बाकीच्या कुणासाठी ठेवल्यात?" आता अण्णा बऱ्यापैकी भूप वाजवतात. मास्तरांवरचा संशय मात्र कायम आहे. ज्येष्ठ नागरिकांची गाडी जोतिबाला निघाली की हे आधी गाडीचे चारी टायर ठोकून घेतात आणि मग ड्रायव्हरच्या शेजारी बसतात. बाकीचे देवाचं नाव घेतात, हे वळणं मोजतात.

एकदा त्यांना फसवणाऱ्यांचा फोन आला. बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार, नंबर सांगा. दुसरा कुणी घाबरला असता, नाहीतर फोन तरी ठेवला असता. अण्णांनी आरामखुर्ची ओढली. "तुमारा गाव कौनसा? घर में कौन कौन हय? जेवण हुआ क्या? साहेब का नाव क्या? उसको फोन देव." पाऊण तासानं त्या ठगानंच फोन कापला. तर अण्णांनी त्याला उलटा फोन लावला! म्हणाले, "मधीच कसा ठेवतोय? माझी चौकशी हुयाची हाय अजून."

आता हौसाक्काकडं येतो, कारण हा माणूस मला खरा कळला तो तिच्या म्हशींमुळं.

पिशवीच्या दुधावर पुरता विश्वास ठेवणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्माला यायचाय. म्हैस दारात यावी, डोळ्यांदेखत धार काढावी आणि फेसाळतं गरम दूध भांड्यात पडावं, ही इथली जुनी रीत. बावड्याच्या गावभागातली हौसाक्का पंचावन्नच्या पुढची, आवाजानं अख्खी गल्ली जागी करणारी बाई. राणी आणि बिजली अशा तिच्या दोन म्हशी. रोज सकाळी सहाला ती आमच्या गेटाशी येते. इमारतीतली अकरा घरं तिच्याकडून दूध घेतात. धार काढायच्या आधी दुधाचं भांडं, म्हणजे चरवी, उलटी करून दाखवायची, म्हणजे आत आधीपासून पाणी नाही हे गिऱ्हाइकाला दिसतं. बाकीचे लोक झोपाळू डोळ्यांनी मान हलवतात. अण्णा चरवी हातात घेतात, उजेडाकडं धरतात, आत हात फिरवतात.

"कास धुतलीस त्याचं पाणी गळालंय बघ, हौसा. ते चरवीत पडणार."

"मग काय न धुता पिळू? शेणासकट पिता काय?"

"आणि फेस किती हा! तू दूध मोजतीस का फेस?"

"फेस बी माज्या म्हशीचाच हाय, नळाचा न्हाय!"

"म्हस वाळल्यागत दिसाय लागलीय. दूध पातळ व्हणार."

"म्हस न्हाय, तुमीच वाळलाईसा! लिटर लिटर दूध नेतासा, जातंय कुटं?"

हा प्रश्न मलाही पडला होता. एकटा माणूस, रोजचं एक लिटर दूध, आणि त्यांच्या घरी कधीही जा, समोर येतो तो कोरा चहा. मी त्यांच्याच शिकवणीनं संशय घेतला. विचारलं तर म्हणाले, "चौकशी चालू हाय." शेवटी एका सकाळी पाळत ठेवून मी त्यांच्या मागोमाग हास्य क्लबात गेलो. हसून झाल्यावर अण्णांनी पिशवीतून मोठी किटली काढली आणि सगळ्या म्हाताऱ्यांना ताक वाटलं. त्यांना स्वतःला दूध पचत नाही, कित्येक वर्षं. म्हणून आदल्या दिवशीचं सगळं विरजण लावून, घुसळून इथं आणायचं. मला बघितल्यावर गडबडले. म्हणाले, "कोण पितंय, कोण गुपचूप टाकून देतंय, त्यावर नजर हाय माझी."

मला पटलं नाही. ज्याला दूध चालत नाही, त्यानं रोज सहाला उठून दुधासाठी भांडावं? पण तो विषय तिथंच राहिला, कारण त्याच आठवड्यात मीटिंग लागली.

आमचे नवे चेअरमन देसाई पुण्याहून आलेले. त्यांना गेटावरचं शेण खपत नव्हतं. माश्या होतात, गाडीला म्हैस घासते, पेव्हर ब्लॉक खराब होतात. एक तारखेपासून गेटाशी जनावर आणायचं नाही, असा ठराव त्यांनी मांडायला घेतला. बातमी हौसाक्काला लागली. दुसऱ्या दिवशी धार काढून झाल्यावर ती माझ्याकडं आली. आवाज नेहमीचा नव्हता.

"सेक्रेटरी, ही अकरा घरं सुटली तर एक म्हस विकाय लागंल. राणी तरी, न्हायतर बिजली तरी. दोनीबी माज्या हातनं वाढल्यात. बगा काय हुतंय का."

मी म्हटलं बघतो. मनात मात्र धास्ती होती, कारण देसाईंनी आपला हुकमी एक्का मला आधीच सांगून ठेवला होता. "अहो, त्या बाईच्या दुधाबद्दल मगदूम रोज तक्रार करतात, सगळ्या इमारतीला ऐकू येतं. मीटिंगमध्ये त्यांनाच उभं करतो." झालं! म्हटलं, हौसाक्काची म्हैस गेली. सहा वर्षं रोज चरवीत हात घालणारा माणूस साक्षीदार म्हणून उभा राहिल्यावर उरलं काय?

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. देसाईंनी शेण, माश्या, आरोग्य सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "दुधाची खात्री तरी कुठंय? अण्णा, तुम्ही अनुभवी तपासनीस. सांगा सगळ्यांना."

अण्णा उठले. चष्मा पुसला.

"बरं झालं इचारलासा," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मी माल तपासला. मालकाच्या भावाचा माल आला तरी सोडला न्हाय. सा वर्षं मी हौसाची चरवी रोज उलटी करून बगतोय. पावसात बगितली, थंडीत बगितली. ती बाई आजारी हुती आन तिची सून आली तवा तर दोनदा बगितली. मला आजवर एक थेंब पाणी घावलं न्हाय."

"पण तुम्ही तर रोज..." देसाई म्हणाले.

"रोज वरडतोय की! घावलं असतं तर मी नुसता वरडलो असतो व्हय? तुमी मला वळकत न्हाईसा, साहेब. ह्या इमारतीत मला संशय नसलेली एक बी गोष्ट न्हाय. तुमच्या लिफ्टचा हाय, पाण्याच्या टाकीचा हाय, तुमचा बी हाय. ह्या दुधाचा न्हाय."

पार्किंगमध्ये हशा पिकला, पण मुद्दा सगळ्यांना पटला. जो माणूस डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाही तो ज्या दुधाची हमी देतो, त्याच्याविरुद्ध बोलायचं कुणी? हात वर झाले. म्हशी येणार, फक्त गेटाच्या बाहेर थांबणार आणि शेण लगेच उचलायचं, असं ठरलं. शेण नीट उचललं जातंय का यावर देखरेख करायची जबाबदारी अण्णांनी स्वतःहून घेतली. देसाई हिरमुसले. मी मात्र इतका खूश झालो की घरी जाऊन जिलेबी मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दार वाजलं. अण्णा. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. आत आले आणि खुर्चीत बसले.

"सेक्रेटरी, लई वाईट झालं."

"काय झालं? अहो, आपण जिंकलो की!"

"तेच की. हौसा आज भांडली न्हाय."

मला कळेना. ते सांगत राहिले. "चरवी मी मागायच्या आदीच उलटी केली. 'बगा अण्णा' म्हणाली. मी म्हटलं, फेस लई हाय. तर 'व्हय अण्णा' म्हणून फेस बसस्तवर थांबली. म्हटलं, म्हस वाळलीय. तर म्हणाली, 'व्हय अण्णा, पेंड वाढवतो.' वर पाया पडली माझ्या! कुणीतरी तिला सांगितलंय मी काय बोललो ते."

मी हसायला लागलो. ते हसले नाहीत, तसा मीही थांबलो.

"हसू नका. शांता जाऊन सा वर्षं झाली. नाव शांता, पण सकाळी डोळं उघडलं की माझ्यासंगं भांडायची. टावेल खाटंवर का टाकला, पेपर आदी मी का घेतला. मी बी सोडत नव्हतो. ती गेली आन घरातला आवाजच गेला. पोरगा पुण्यासनं फोन करतोय, 'बरं हाय न्हवं?' म्हणतोय. 'व्हय' म्हटलं की संपलं. तुमी सगळी म्हातारा माणूस म्हणून माझ्या प्रत्येक गोष्टीला मान हलवतासा. 'अण्णा, खोटं बोलू नका' असं तोंडावर म्हणणारी एक हौसाच ऱ्हायली हुती. तिच्यासंगं दहा मिनिटं भांडलं की मला वर जाऊन कुलूप उघडाय येत हुतं. आज जिन्यातच बसलो हुतो, लई वेळ. आत जाऊ वाटंना."

हातोडी घेऊन फिरणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटली. चार वर्षं मी या माणसाच्या गोष्टी सांगून लोकांना हसवत होतो आणि एकदाही त्याच्या म्हणण्याला तोंड वर करून 'हे साफ चूक आहे' म्हटलं नव्हतं.

"एक काम करा," अण्णा म्हणाले. "तुमी सेक्रेटरी हायसा. तुमचं ती ऐकंल. तिला जाऊन सांगा, अण्णा मीटिंगमध्ये तुझ्या विरुद्धच बोलले. बाकीच्यांनी तुला वाचवलं."

दुपारी मी गावभागात हौसाक्काच्या गोठ्यावर गेलो. ती म्हशींना वैरण टाकत होती. मी घसा खाकरला.

"हौसाक्का, तुमच्या कानावर काहीतरी चुकीचं आलंय. मीटिंगमध्ये अण्णा तुमच्या विरुद्ध बोलले. दूध पातळ आहे म्हणाले. म्हशी बंद करा म्हणाले."

वैरणीची पेंढी तिनं खाली ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"सेक्रेटरी, तुमास्नी खोटं बोलाय येत न्हाय. कान बगा कसं लाल झालं. मीटिंग सुटल्या सुटल्या वाचमननं मला सगळं सांगितलंय, शब्द न शब्द. का आलासा ते सांगा."

मग काय लपवायचं? बिजलीच्या शेजारी पेंडीच्या पोत्यावर बसून मी सगळं सांगून टाकलं. शांतावहिनी, पोराचा फोन, जिना. हौसाक्कानं पदरानं डोळे पुसले आणि मग रागानंच म्हणाली, "मी बी खुळीच. उपकार केलेल्या माणसाला कसं बोलायचं म्हणून सकाळी जीभ चावून उभी ऱ्हायलो. मला काय बरं वाटलं व्हय? घरात सुना मला भिऊन गप, आन म्हशी काय उलटं बोलत न्हाईत." पेंढी उचलली. "जावा तुमी. मी बगतो म्हाताऱ्याकडं."

दुसऱ्या दिवशी सहाला मी गॅलरीत उभा होतो. हौसाक्का आली ती ओरडतच.

"या, या! सगळ्यांम्होरं माजं दूध पातळ म्हटलासा न्हवं? बगा आता चरवी! डोळं फाडून बगा! माज्या पोटावर पाय दिलासा, लाज न्हाय वाटत?"

"हळू बोल, म्हस बुजंल!"

"माजी म्हस तुमास्नी बगूनच बुजती! सरका!"

आसपासच्या खिडक्या उघडल्या. पंधरा मिनिटं नुसता कल्ला. फेस झाला, कास झाली, पेंड झाली, शेण झालं. शेवटी अण्णा किटली घेऊन जिना चढले ते दुसऱ्या मजल्यावर थांबलेच नाहीत, थेट माझ्या दारात आले. दम लागला होता. चेहरा नुसता फुललेला.

"तिला खरं वाटलं की हो, सेक्रेटरी!" ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "जरा बी संशय आला न्हाय बगा. भोळी हाय बिचारी."

"होय अण्णा," मी म्हटलं, "भोळीच आहे."